दिवसभर काहीच खात नाही, तरी वजन हटत नाही

लातूर जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावाहून एका शिक्षिकेचं पत्र आलं आहे. वय ४४, उंची १५४ सेंटिमीटर, वजन ६८ किलो. आई मधुमेही. यांची स्वतःची एचबीए१सी, म्हणजे रक्तातल्या साखरेची दोन-तीन महिन्यांची सरासरी, नुकतीच ६.१ आली आणि डॉक्टरांनी "वजन कमी करा" एवढंच सांगून पाठवलं. गेल्या दहा वर्षांत त्यांनी दोन वेळांचं जेवण, भात-पोळी बंद, सकाळी लिंबू-मध, शेकचे डबे असं सगळं करून पाहिलं. दर वेळी पाच-सात किलो उतरलं आणि वर्षभरात व्याजासकट परत आलं. त्या लिहितात, "मी दिवसभर काही खात नाही हो. पण संध्याकाळी शाळेतून आले की तोंडावर ताबा राहत नाही." घरात सात माणसं. सासूबाई अन्न टाकू देत नाहीत. वर लग्नसराईतला आग्रह, उपास आणि येळवस, म्हणजे वेळा अमावास्येचं शेतातलं जेवण, आहेच. मैत्रिणीने पाठवलेल्या व्हिडिओत सजगपणे खायला सांगितलंय: घास बत्तीस वेळा चावा, बोलू नका, एकटे शांत बसा. "हे आमच्यासारख्यांच्या घरात जमणारं आहे का? की वजन उतरवण्याचं पंधरा हजारांचं पॅकेज घेऊन एकदाचं लग्नातल्या ५२ किलोवर यावं?"

ताई,

तुम्ही तुमच्या दिवसाचा तपशील इतका नेटका लिहिलाय की माझं अर्धं काम तुम्हीच केलंत. तोच पुन्हा मांडते, कारण तुमच्यासारखा दिवस असणाऱ्या पुष्कळजणी हे वाचत असतील.

सकाळी सहाला चहा, त्यात दोन बिस्किटं. मग सगळ्यांचे डबे आणि साडेआठची एसटी. दुपारी दीडला स्टाफरूममध्ये वह्या तपासता तपासता एक पोळी आणि भाजी, दहा मिनिटांत. पाणी जेमतेम, कारण शाळेतलं स्वच्छतागृह जाण्यासारखं नाही. साडेपाचला घरी. पर्स खुंटीला लावून थेट स्वयंपाकघरात. फळीवरचा शेवेचा डबा काढता, झाकण डाव्या हातातच धरून ठेवता, कारण एकच मूठ घ्यायचीय आणि झाकण ओट्यावर ठेवलं तर खायला बसल्यासारखं होईल. मग दुसरी मूठ, तिसरी. मग दुपारची राहिलेली अर्धी भाकरी ठेच्याशी. मग चहा, त्याच्याबरोबर धाकट्याने अर्धवट सोडलेलं क्रीमचं बिस्कीट. रात्री साडेनऊला सगळ्यांची जेवणं उरकल्यावर पातेल्यातला भात आणि कढई पुसून निघालेली भाजी. झाकून काय ठेवायचं एवढंसं, म्हणून.

झाकण हातात धरून ठेवण्याची गोष्ट तुम्ही मोकळेपणाने लिहिलीत, म्हणून मला नेमकं बोलता येतंय. तुम्ही दिवसातलं सगळ्यात मोठं जेवण उभ्याने करता आणि त्याला जेवण म्हणत नाही. त्यामुळे "मी काही खात नाही" हे तुम्हाला मनापासून खरं वाटतं. खोटं तुम्ही बोलत नाही आहात. ताटात वाढलेलं तेवढंच खाणं, हा आपल्या घरांतला हिशेब आहे, आणि बायकांचं निम्मं खाणं ताटात येतच नाही.

दुसरं असं की तुम्ही दोन तक्रारी वेगवेगळ्या लिहिल्यात. मला ती एकच दिसते. दिवसभर पोटात पुरेसं गेलं नाही म्हणूनच संध्याकाळी ताबा जातो. १९४४-४५ साली अमेरिकेत मिनेसोटा विद्यापीठात अँसेल कीज या शास्त्रज्ञाने ३६ धडधाकट तरुणांना सहा महिने अर्धपोटी ठेवून त्यांच्या शरीरा-मनाची नोंद केली. युद्धात शस्त्र धरणार नाही म्हणून ठाम राहिलेली, स्वखुशीने प्रयोगात आलेली ही माणसं. निश्चयात कुठेच कमी नव्हती. तरी त्यांच्या डोक्यात अन्नाशिवाय दुसरा विषय उरला नाही. पाककृतींची पुस्तकं वाचत बसायचे, ताटं चाटायचे. पुढे पोटभर मिळू लागलं तेव्हा कितीतरी खाऊनही त्यांची भूक भागेना. तुमच्या साडेपाचच्या शेवेत आणि त्यांच्या त्या भुकेत जातीचा फरक नाही. तेव्हा स्वतःला "हावरी" म्हणणं आधी थांबवा. पत्रात तो शब्द तुम्ही तीनदा लिहिलाय.

आता ५२ किलोबद्दल. लग्नातला आकडा हा आपल्याकडे बायकांच्या मानेवर बसलेला एक वेताळच आहे. २१-२२ व्या वर्षी, दोन बाळंतपणांच्या आधी जे वजन होतं, ते ४४ व्या वर्षी परत आणायलाच हवं असं वैद्यकशास्त्र कुठेही सांगत नाही. भारतीयांना मात्र कमी वजनातही मधुमेहाचा धोका जास्त असतो, म्हणून आपल्यासाठी बीएमआयची, म्हणजे उंचीच्या मानाने वजन किती हे सांगणाऱ्या आकड्याची, मर्यादा २५ ऐवजी २३ धरतात आणि बायकांची कंबर ८० सेंटिमीटरच्या आत असावी म्हणतात. तुमचा बीएमआय साडेअठ्ठावीसच्या वर जातो. म्हणजे दुर्लक्ष करण्यासारखं नाही, हे खरं. एचबीए१सी ५.७ ते ६.४ असेल तर ती मधुमेहाच्या उंबरठ्यावरची अवस्था. तुम्ही तिथे आहात. पण अशाच उंबरठ्यावरच्या लोकांवर अमेरिकेत झालेल्या मोठ्या अभ्यासात (त्याचे निष्कर्ष २००२ साली आले) लोकांना सात टक्के वजन उतरवायला आणि आठवड्याला दीडशे मिनिटं चालायला सांगितलं होतं. त्या गटात सुमारे तीन वर्षांत मधुमेह होण्याचं प्रमाण ५८ टक्क्यांनी कमी झालं. तुमचे सात टक्के म्हणजे पावणेपाच किलो. ६३ वर या, वर्षभर घ्या, आणि तिथे टिका. पुढचं पुढे बघू. सोळा किलोंचा डोंगर डोळ्यांपुढे ठेवलात तर पहिल्या चार किलोंचं तुम्हाला अप्रूपच वाटणार नाही, आणि खरं औषध त्या चार किलोंतच आहे.

सजग खाण्याबद्दल तुमची शंका रास्त आहे. तो व्हिडिओ मी पाहिलेला नाही, पण असले बरेच पाहिलेत: पांढरंशुभ्र स्वयंपाकघर, एकटी बाई, पुढ्यात एक मनुका. सात माणसांच्या घरात, बाहेर पाण्याचा टँकर आल्याची हाक पडत असताना हे कसं व्हायचं? बत्तीस वेळा चावायची काही गरज नाही, आणि मौन तर नकोच. चारजणांत बोलत जेवणं ही चांगलीच गोष्ट आहे. आणखी एक स्पष्ट सांगते. सजग खाण्याने बकाबका खाणं आणि मन बिघडलं की खाणं कमी होतं, याला अभ्यासांचा बऱ्यापैकी आधार आहे. नुसत्या त्यानेच भराभर वजन उतरतं, असं मात्र नाही. महिन्यात पाच किलो हवे असतील तर हा रस्ता तुमचा नव्हे. उतरलेलं पुन्हा चढू नये म्हणून जन्मभर चालणारी ही सवय आहे. तुमचा प्रश्न वजन उतरण्याचा कधी नव्हताच. ते तुम्ही कितीदा तरी उतरवून दाखवलंय.

मग आपल्या घरात याचा अर्थ काय? भूक लागली की खायचं, बसून खायचं, ताटात घेऊन खायचं, आणि पोट भरलं की थांबायचं. ऐकायला बाळबोध आहे. तुमच्या दिवसात यातलं सध्या एकही होत नाही.

सुरुवात संध्याकाळपासून करू नका, दुपारपासून करा. साडेपाचची मूठ आवरायची असेल तर दीडचा डबा वाढवायला हवा. एक पोळी आणि दोन चमचे भाजी हे संध्याकाळपर्यंत पुरणारं जेवण नव्हे. दीड भाकरी, घट्ट वरण किंवा मटकी, अंबाडीची नाही तर मेथीची भाजी, कांदा. भाकरी दुपारपर्यंत कडक होते असं वाटत असेल तर ज्वारीचे धपाटे आणि दही. वह्या त्या वीस मिनिटांपुरत्या बाजूला. पोट भरल्याची वर्दी मेंदूला पोचायला पंधरा-वीस मिनिटं लागतात. दहा मिनिटांत उरकलेल्या जेवणाची पोच मिळेपर्यंत तुम्ही पाचवीच्या वर्गात पोचलेल्या असता. सकाळी बिस्किटांऐवजी सुशीला करा. मुरमुरे भिजवून फोडणीला टाकायला कितीसा वेळ लागतो, फक्त त्यात डाळं आणि शेंगदाणे सढळ हाताने घाला. नुसते मुरमुरे तासाभरात जिरतात. परतीच्या एसटीत बसण्याआधी मूठभर फुटाणे. आणि पाणी. शाळेतल्या स्वच्छतागृहाचा प्रश्न मुख्याध्यापकांपुढे आणि शाळा व्यवस्थापन समितीपुढे लेखी मांडा. लातूरच्या उन्हाळ्यात आठ तास पाणी न पिणं हा वजनाच्याही पलीकडचा विषय आहे.

घरी आल्यावर भूक असेल तर जरूर खा. फक्त खाली बसून, ताटलीत. शेवच हवी असेल तर शेव घ्या, वाटीत काढा, झाकण लावून डबा फळीवर ठेवा आणि मग पहिला घास. भूक आहे की नुसता दिवसाचा शीण आहे, हे ओळखायची आपल्याकडची सोपी खूण म्हणजे शिळी भाकरी. "आत्ता भाकरी आणि वरण चालेल का?" असं स्वतःला विचारा. चालेल असं वाटलं तर ती भूक, खुशाल जेवा. भाकरी नको, शेवच पाहिजे, तर बहुतेक पाय दुखतायत, डोकं उठलंय किंवा कुणाचं तरी बोलणं लागलंय. तेव्हा आधी तोंडावर पाणी मारा, पाच मिनिटं दारात टेका. त्यानंतरही शेव हवीशी वाटली तर खा, चोरून नको.

शेवेला मी पापी ठरवत नाही, पण तिचा स्वभाव ओळखून असावं. मूठभर शेव पंचवीस-तीस ग्रॅम भरते आणि तिचे उष्मांक दीडशेच्या घरात जातात, म्हणजे साधारण एका लहान भाकरीइतके. तीन मुठी खाऊन पोट भरल्यासारखं वाटत नाही. तीन भाकरी उभ्याने खाऊन दाखवा बरं. २०१९ साली अमेरिकेतल्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेत केव्हिन हॉल यांनी वीसजणांना दोन आठवडे कारखान्यातलं तयार खाणं आणि दोन आठवडे साधं घरगुती पद्धतीचं खाणं दिलं. दोन्हींत साखर, मीठ, चरबी, तंतू सारखेच वाढलेले, हवं तितकं घ्यायची मुभा. तयार खाण्याच्या आठवड्यांत लोक रोज पाचशे उष्मांक जास्त खाऊन गेले, आणि खाण्याचा वेगही जास्त होता. चावायला वेळ लागत नाही ते पोटाला कळायच्या आत आत जातं. या बाबतीत ज्वारीची भाकरी बत्तीस आकडे मोजायला न लावता आपोआप सावकाश खायला लावते. सोयाबीनचे भाव आले आणि आपल्या भागात ज्वारीचा पेरा घटला, घराघरांत भाकरीची जागा पोळीने आणि न्याहारीची बिस्किटाने घेतली, हे मला तरी वजनकाट्यावर दिसतं. पोळी वाईट नाही, पण एकदा तरी भाकरी असू द्या.

आता उरलेलं अन्न. सासूबाईंचं "अन्न टाकू नये" हे चुकीचं नाही. १९७२ चा दुष्काळ पाहिलेल्या पिढीला तुम्ही-आम्ही शहाणपण शिकवू नये. पण टाकायचं नाही म्हणजे सुनेने खायचं, हे त्या वाक्यात कुठे आहे? पोट म्हणजे खरकट्याचं भांडं नव्हे. उरलेल्या भाकरीचे सकाळी कुटके होतात, भाताला फोडणी बसते, भाजी डब्यात घालून फ्रिजमध्ये जाते. अगदी चार घास उरले तर दारात गाय येतेच. त्याहून महत्त्वाचं, उरतं का ते बघा. सात माणसांना नऊ माणसांचं रांधायची सवय "कमी पडलं तर" या धाकातून येते, आणि कमी पडलं तर ते तुम्हालाच पडतं. म्हणून स्वयंपाक झाला की पहिल्यांदा तुमचं ताट वाढून झाकून ठेवा. यात बेअदबी नाही. जमलं तर त्याच्याही पुढे जा: सगळ्यांबरोबर बसा. भाकऱ्या टोपल्यात, भाजी मधे, ज्याने त्याने घ्यावं. गरम भाकरी तव्यावरूनच ताटात पडली पाहिजे असा हट्ट असणाऱ्याने आठवड्यातून दोनदा तव्यापाशी उभं राहावं. तुमच्या यजमानांनी तुमच्या वजनावरून केलेले विनोद तुम्ही पत्रात "गमतीने म्हणतात" असं लिहून सोडून दिलेत. मी सोडणार नाही. त्यांना सांगा की या घरात मधुमेहाचा धोका एकटीला नाही, तेच शेव-फरसाण तेही खातात, आणि मदत करायचीच असेल तर जेवताना सगळ्यांचे मोबाइल बाहेरच्या खोलीत ठेवायची जबाबदारी त्यांनी घ्यावी.

आग्रहाचं म्हणाल, तर आपल्याकडे नकार दिला की आग्रह दुप्पट होतो. म्हणून "नको" म्हणूच नका. "अजून पानात आहे, संपलं की मागून घेते," असं म्हणा आणि पानात थोडं राहू द्या. पंगतीत बसल्यावर आधी सगळं पान बघा, आवडीचं काय ते ठरवा आणि ते चवीने खा. न आवडणारा जिलबीचा तुकडा केवळ वाढला म्हणून खाण्यात कुणाचाच मान राहत नाही.

येळवस, दिवाळी, धोंड्याचं जेवण यांची मात्र धास्ती घेऊ नका. वर्षातून एकदा शेतात खोपीपाशी बसून भज्जी, उंडे आणि आंबील खाल्ल्याने कुणाचं वजन वाढलेलं नाही. उलट बघा, भज्जीत तुरीचे, हरभऱ्याचे, वाटाण्याचे ओले दाणे, आंबिलीत ताक आणि ज्वारी, शिवाय शेतभर चालणं. पोषणाच्या दृष्टीने तुमच्या रोजच्या डब्यापेक्षा ते जेवण सरस आहे. त्रास सणाने होत नाही. "आज मोडलंच आहे, आता सोमवारपासून बघू" असं म्हणून पुढचे चार दिवस जे चालतं, त्याने होतो. येळवशीच्या दुसऱ्या दिवशी नेहमीची न्याहारी, नेहमीचा डबा. प्रायश्चित्ताचा उपास नको, कारण तो पुन्हा साडेपाचच्या डब्याशीच नेऊन सोडतो.

उपासाचंही तेच. गुरुवार आणि चतुर्थी सोडा असं मी म्हणणार नाही. श्रद्धेचा भाग आहे. पण साबुदाणा म्हणजे जवळपास निव्वळ पिष्ट, प्रथिनं नावालाच, वर तूप-तेल. साखर उंबरठ्यावर असताना भगर, शेंगदाण्याची आमटी, दही असा फराळ बरा, आणि रात्री उपास सोडताना दोन जेवणं एकदम नकोत.

काही गोष्टी मात्र पत्रातून सुटत नाहीत. थायरॉइडची तपासणी झाली नसेल तर करून घ्या. तुमच्या वयात, पाळी पुढे-मागे होऊ लागली असेल तर विशेष. साखरेच्या गोळ्या किंवा इन्सुलिन सुरू असणाऱ्या वाचकांनी जेवणाच्या वेळा आणि उपास डॉक्टरांना विचारूनच बदलावेत, साखर एकाएकी खाली जाऊ शकते. आणि कुणाला वारंवार असं होत असेल की लपून, थांबताच येत नाही इतकं खाल्लं जातं, नंतर घशात बोटं घालून काढलं जातं किंवा दिवसेंदिवस उपाशी राहून भरपाई केली जाते, तर तो शिस्तीचा प्रश्न नसून आजार आहे आणि त्याला उपचार आहेत. जिल्हा रुग्णालयातल्या मानसोपचार विभागात जा, किंवा टेली मानसच्या १४४१६ या मोफत क्रमांकावर मराठीत बोलता येतं.

राहिलं पॅकेज. पंधरा हजार भरण्याआधी त्यांना एवढंच विचारा की तीन वर्षांपूर्वी ज्यांनी हे पॅकेज घेतलं त्यांची आजची वजनं दाखवता का. आधीचे आणि नंतरचे फोटो नकोत. नंतरच्याही नंतरचे हवेत. समाधानकारक उत्तर मिळालं तरी मी तुमच्या जागी आधी तीन महिने थांबेन. या तीन महिन्यांत एकदम सगळं बदलू नका. पहिले दोन आठवडे फक्त दुपारचा डबा आणि बसून खाणं. ते अंगवळणी पडलं की रात्रीचं ताट आधी वाढून ठेवणं. चालायला वेगळा वेळ नसेल तर एसटीचा एक थांबा आधी उतरा. काट्यावर आठवड्यातून एकदाच उभ्या राहा, सकाळी, आणि महिन्याला एकदा कमरेचं माप घ्या. बऱ्याचदा काटा ढिम्म असताना साडीच्या निऱ्या आधी सांगतात. एचबीए१सी मात्र तीन महिने पूर्ण झाल्याशिवाय तपासू नका, कारण ती मागच्या दोन-तीन महिन्यांचीच सरासरी दाखवते. पंधरा दिवसांत केलीत तर जुन्याच खाण्याचा आकडा हातात येईल.